दिंडोरीची क्लिप

क्लिप लावायच्या आधी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणाऱ्या दीपकने सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. "रावजीमास्तर वाजवणार आहेत," तो माईकवर म्हणाला, आणि पंचवटीतल्या त्या हॉलमधली शे-सव्वाशे माणसं निमूट उठून चपला दाराबाहेर ठेवून आली.

गोटीरामही आला. पहिल्या रांगेत, मास्तरांच्या बायकोच्या, भागीबाईंच्या शेजारची खुर्ची त्याची. मास्तरांच्या बँडमध्ये तीस वर्षं दुसरी क्लॅरोनेट वाजवली, त्याचा एवढा मान दर पुण्यतिथीला मिळायचा. शाल, नारळ आणि मास्तरांबद्दल दोन शब्द. यंदा मात्र तो ठरवून आला होता. सहा वर्षं मूग गिळून बसलो, आता बास. दोन शब्द खरे बोलायचे.

पडद्यावर दिंडोरीच्या लग्नाची मिरवणूक सुरू झाली. कुणीतरी गच्चीवरून मोबाईलवर काढलेली, हलती आणि धुरकट. खाली माणसांची गर्दी आणि मधोमध सोनेरी कशिद्याचा लाल कोट, तुऱ्याची टोपी. चेहरा दिसत नाही. पण बँडवाल्यांत कोट म्हणजेच मास्तर, चेहरा बघतो कोण? मग क्लॅरोनेटने असा काही सूर उचलला की हॉलमध्ये कुणी खोकायचंही बंद झालं.

"जायच्या तीन दिवस आधी, राव!" मागून कुणीतरी पुटपुटलं. "अंगात एवढा ताप, आन् वाजवणं बघा."

ताप खराच होता. कोटही मास्तरांचाच होता. आतला माणूस तेवढा गोटीराम होता.

त्या दिवशी टेम्पोतून उतरतानाच मास्तरांचे पाय लटपटले. समोरच्या पार्टीने सुपारी दिली होती ती मास्तरांचं नाव बघून. ते नाहीत म्हटल्यावर राडाच झाला असता. मास्तरांनी थरथरत कोट काढला आणि गोटीरामच्या अंगात चढवला. "आज तू मास्तर. उद्या मीच सांगतो समद्यांना." पण उद्या ते दवाखान्यात होते आणि त्यांची वाचा गेली होती. बँड अजून मास्तरांच्याच नावावर चालतो, तेव्हा बाकीचे तरी कशाला बोलतील? आपल्याच पोटावर पाय कोण देईल?

गेल्या पुण्यतिथीला गोटीरामने हीच धून मंचावर वाजवली होती. खाली उतरल्यावर चैताली नावाची, गाणं शिकणारी एक मुलगी अगदी आदराने म्हणाली होती, "छान वाजवलंत काका. पण मास्तरांची क्लिप एकदा नीट ऐका. वरचा सूर ते कसा सोडतात बघा." त्यावर हसावं की रडावं, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"भाऊजी, ऐका," भागीबाई त्याच्याकडे झुकल्या. मोतीबिंदूने त्यांना पडद्यावरचं काहीच दिसत नव्हतं. "इथं थांबले बघा. दम खाल्ला. आता पुन्हा घेतील."

पडद्यावरच्या कोटाने पुन्हा सूर घेतला.

"रोज सकाळी चहा टाकते आन् हे लावते. चहा उकळस्तोवर पुरतं." त्या जराशा हसल्या. "दवाखान्यात माझ्याशी एक शब्द नाय बोलले. लय लागलं मला ते. पण म्हणते, जाऊ दे. मन भरून वाजवून तर गेले. कुठं एकटे पडून नाय राहिले."



मिरवणूक दोन तास चालली होती. नवरदेवाचे मित्र "परत, परत" म्हणून ओरडत होते आणि त्याने ही धून तीनदा घेतली होती. तिसऱ्यांदा कुणी म्हटलंही नव्हतं, आपल्याच हौसेने घेतली होती. एवढं सुख त्याला जन्मात कधी मिळालं नव्हतं. आणि त्या दोन तासांत मास्तर टेम्पोत, ढोल-ताशांच्या खोळींवर, एकटे पडून होते. पाणी हवं का, हे विचारायलाही कुणी गेलं नाही. मिरवणूक मांडवात शिरल्यावर तो पळत टेम्पोकडे गेला, तोसुद्धा 'मास्तर, ऐकलं का?' विचारायला. तोवर मास्तरांची शुद्ध हरपली होती.

क्लिप संपली. टाळ्या थांबेनात. दीपकने डोळे पुसले आणि माईक आणून गोटीरामच्या हातात दिला. "काका, तुमचे दोन शब्द. त्या दिवशी तुम्ही सोबत होतात."

गोटीराम उभा राहिला. हातातला माईक जड वाटत होता.

"ह्या क्लिपबद्दल," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. लय वर्षं सांगायचं राहिलंय."

चैताली तिसऱ्या रांगेत वही उघडून बसली होती. पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या जिभेवर होता. 'तो कोटातला माणूस मी', एवढंच म्हणायचं होतं.

भागीबाईंनी आवाजाच्या रोखाने मान वर केली. कुठे बघायचं ते न कळून त्या त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत राहिल्या.

"भाऊजी," त्यांनी खालूनच विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारीच व्हता ना तवा?"

सगळे थांबले होते. दीपकने माईकचा आवाज थोडा वाढवला.

"व्हतो वहिनी," गोटीराम म्हणाला. "एक मिनिट हललो नाय त्यांच्या जवळून."