पांढरी बट

सान ब्लासचा चढ चढताना विसेंतिना प्रत्येक दारात थांबत होती. पाठीवरच्या झोळीत गावच्या देवळातला बाळ येशू होता, खऱ्या तान्ह्या मुलासारखा गुंडाळलेला. त्याचं एक बोट मोडलं होतं, आणि नाताळच्या आत ते बसवून आणायचं काम गावाने तिच्यावर सोपवलं होतं. मूर्ती घडवणारे, चित्रं रंगवणारे, सोन्याचा वर्ख लावणारे, सगळे कुस्को शहराच्या या एका चढावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. पहिल्याच दारात काम झालं असतं. पण चाळिशी उलटली तरी तिने हा भाग कधी पायी पाहिला नव्हता, आणि आज तिला पाहून घ्यायचा होता.

एका दारात हात नसलेले सहा संत भिंतीला टेकून उभे होते. दुसऱ्यात एक म्हातारा, इथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे, देवदूताच्या खांद्यावर बंदूक रंगवत होता. तिसऱ्या दारात वाडगाभर काचेचे डोळे होते. ती वाकून बघत राहिली.

"तुला देवाचं बोट बसवायचंय की देवासाठी मुलगी बघायचीय?" मागून एलेउतेरियो म्हणाला. हा तिचा दुसरा नवरा. तो पायऱ्यांवर बसला, कागदातलं उकडलेलं कणीस आणि चीज काढलं आणि तुझं बघून झालं की हाक मार म्हणाला.

म्हणून पुढच्या दारात ती एकटीच शिरली.

आत फेलिसितास नावाची साठीची बाई माणसाच्या उंचीच्या मरियामाउलीला केस बसवत होती. केस खरे होते, कमरेपर्यंत आलेले, काळेभोर. डाव्या कानामागे मात्र दोन बोटं रुंद पांढरी बट होती, मुळापासून टोकापर्यंत.

विसेंतिना अगदी जवळ गेली. ही बट तिने तेरा वर्षं रोज सकाळी आपल्या मुलीच्या वेणीत आत दडवली होती. शाळेत पोरं चिडवायची म्हणून. ती मुलगी, निल्दा, घरातून गेली त्याला दोन वर्षं झाली होती. ती ट्रकवाल्याबरोबर पळाली, ट्रकमध्ये चढताना आपण डोळ्यांनी पाहिली, असं एलेउतेरियोने गावभर सांगितलं होतं.

"मेली का ती?" विसेंतिनाने विचारलं. आधी दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, पण तोंडून हेच निघालं.

फेलिसितासने दातांत धरलेली सुई काढली. मेलेल्या माणसाचे केस आम्ही माउलीला लावत नाही, ती म्हणाली. मुलीने स्वतः या स्टुलावर बसून कापून दिले, दोन महिने झाले. नवस होता तिचा.

"कसला नवस?"

फेलिसितासने सुई कापडात खोचून ठेवली.

"दोन वर्षं घरच्या कुणाला सापडली नाही म्हणून."

विसेंतिना खाली बसली. पाठीवरचं बाळ भिंतीला टेकलं. मुलगी जिवंत आहे, हे आधी कळलं. बाकीचं त्यानंतर हळूहळू आत उतरायला लागलं.

फेलिसितासने दाराकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला. निल्दा सांगून गेली होती, की आई कधीतरी आलीच तर बट ओळखेल. ओळखली तर तिला एकच विचारायचं. आणि उत्तर बरोबर आलं नाही तर केस विकून मुलगी लिमाला गेली असं सांगायचं.

"तुम्ही एकट्या आलात का?"

दारातून पायऱ्या दिसत होत्या. एलेउतेरियो टोपी डोळ्यांवर ओढून कणीस खात होता. दाणे एकेक काढून खायची त्याची सवय होती.

घरातून जायच्या आधीच्या हिवाळ्यात निल्दा मेंढ्यांच्या गोठ्यात झोपायला लागली होती. बाहेर पाणी गोठत होतं. सकाळी तिच्या अंगाला मेंढ्यांचा वास यायचा आणि विसेंतिना तिला रागवायची, घरात गादी असताना हे कसलं खूळ.  एकदाच निल्दा म्हणाली होती, आई, तूही ये ना तिकडे झोपायला. विसेंतिना हसली होती.

तिने झोळीची छातीवरची गाठ सोडली. मग बाळ येशूला उचलून फेलिसितासच्या मांडीवर ठेवलं.

"तो आत आला तर हे त्याच्याकडे द्या," ती म्हणाली. "गावात नेऊन पोचवायला सांगा."

"आणि तुमचं विचारलं तर?"

"कुठे गेले ते माहीत नाही म्हणा."

फेलिसितास उठली. मागच्या खोलीत लाकडाच्या भुशाचे ढीग होते, त्यांच्यापलीकडे एक बुटकं दार. तिथून पायऱ्या वर जात होत्या. चर्चच्या मागे, पाण्याच्या नळाशेजारी, वर्खवाल्या बाईचं घर, तिने सांगितलं. मुलगी तिच्याकडेच काम करते.

विसेंतिना पायऱ्या चढली. आता ती कुठल्या दारात थांबली नाही. एका खिडकीतून कुणीतरी ओल्या रंगांची चित्रं बाहेर टांगत होतं, त्यांच्याखालून ती वाकून गेली. श्वास पुरत नव्हता. खाली कुठेतरी एलेउतेरियो तिच्या नावाने हाका मारत होता, आधी सवयीने, मग जोरात.

नळ दिसला. शेजारचं दार बंद होतं. तिने थाप मारली.

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं दाराशी आली आणि तिथेच थांबली.

"कोण?"

दोन वर्षांनी ऐकलेला आवाज. विसेंतिनाने स्वतःचं नाव सांगितलं नाही, तिचंही घेतलं नाही.

"एकटी आहे," ती म्हणाली.