खिडकीजवळचं टेबल

"खिडकीजवळचं टेबल शुक्रवारी सातला नाही," रेस्टॉरंटचा मॅनेजर फोनवर चौथ्यांदा म्हणाला.

"मग कधी आहे?"

"मंगळवारी."

"मंगळवारी आमचं माणूसच गावात नसणार!" कारभारणीनं फोन आपटला आणि सगळा राग समोरच्या भोपळ्यावर काढला. फोडी इतक्या जाड झाल्या की परत चिराव्या लागल्या.

तीस खाटांच्या त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात चौघी होत्या. प्रमुख मोठ्या बाई. त्यांच्या हाताखाली ताटांची गाडी ढकलणारी लंबू, भांड्यांकडे बघणारी चिमणी आणि सगळ्यांच्या सगळ्यात नाक खुपसणारी म्हणून कारभारीण.

मोठ्या बाईंनी सव्वीस वर्षं आजाऱ्यांसाठी अळणी रांधलं. प्रत्येक ताटावर त्यांच्या हातची चिठ्ठी: खाट कितवी, काय द्यायचं, काय नाही. गेल्या वर्षी रस्त्यापलीकडे ते रेस्टॉरंट उघडलं. फुटपाथवर टेबलं, आत भिंतभर आरसे, कोपऱ्यात गिटारवाला, आणि संध्याकाळ झाली की अख्खी गल्ली तिथे लोटलेली. चहाचा कप घेऊन बाई खिडकीशी उभ्या राहायच्या.

"एकदा तिथं बसायचं गं," त्या म्हणायच्या. "कुणीतरी ताट आणून ठेवायचं, आणि आपण नुसतं खायचं. मीठबिठ काही बघायचं नाही."

शनिवारी सकाळच्या गाडीनं त्या नोकरी सोडून लेकाकडे चालल्या होत्या, दूर आणि कायमच्या. निरोप समारंभाला त्यांनी आधीच हात जोडले होते. "रडारड नको मला."

म्हणून हा गुपचूप बेत. शुक्रवार ही बाईंची सुट्टी, इतक्या वर्षांत कधी न बदललेली. त्यांची धाकटी बहीण काहीतरी निमित्त काढून त्यांना सातला तिथे आणणार होती. टेबल खिडकीजवळचंच हवं, असा कारभारणीचा हट्ट होता. वर्षभर इकडून तिकडे पाहिलं, एक दिवस तरी तिकडून इकडे पाहावं.

पण तिघींची पाळी रात्री साडेआठपर्यंत. सुट्टी मागायची, तर पाळ्यांचा तक्ता बाईच लावायच्या. ज्यांना ताकास तूर लागू द्यायची नाही, त्यांच्याच सहीशिवाय पान हलत नव्हतं.

सोमवारी लंबू गाल धरून उभी राहिली. "बाई, दाढ काढायचीय. शुक्रवारी संध्याकाळी."

"काढ की सकाळी."

"डॉक्टर संध्याकाळीच बसतो."

मागोमाग चिमणीची सासू जिन्यात घसरली आणि कारभारणीच्या घरचा नळ फुटला. बाईंनी तिन्ही अर्ज एकाखाली एक ठेवले आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तिघींच्या घरी शुक्रवारीच आग लागते होय? तीस माणसं उपाशी ठेवू? होणार नाही."

अर्ज परत आले. कारभारणीला रडू यायचंच बाकी होतं. ज्या बाईसाठी एवढा आटापिटा, तीच आडवी येतेय, आणि तिला धड सांगताही येत नाही!

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," चिमणी पुटपुटली.

"तू गप. सासूला नीट पाड आधी. काल उजवा पाय म्हणालीस, आज डावा."

बुधवारपर्यंत कारभारणीनं रेस्टॉरंटला अकरा फोन केले. आधी म्हणाले, पाच माणसं खिडकीशी मावत नाहीत. मग म्हणाले, मावतात, पण साडेनवाला या. शेवटी मॅनेजरच थकला आणि टेबल मिळालं. तेवढ्यात लंबू धावत आली.

"तक्ता बघ!"

शुक्रवारच्या रकान्यात तिघींच्या नावांपुढे 'सुट्टी' लिहिलं होतं, आणि खाली बाईंच्या ठसठशीत अक्षरात: 'सोय केली आहे.'

"ऑफिसकडून बदली बायका मागवल्या असतील," कारभारीण म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

शुक्रवारी सातला तिघी नटूनथटून टेबलाशी बसल्या. आत इतका गलका की शेजारणीशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. कारभारणीनं बाईंची खुर्ची पुन्हा एकदा खिडकीकडे वळवली. रस्त्यापलीकडे दवाखान्याचं स्वयंपाकघर उजळलं होतं. वाफेनं धुरकटलेल्या काचेआड कुणीतरी लगबगीनं ये-जा करत होतं.

"एकच पाठवलीय वाटतं ऑफिसनं," लंबू म्हणाली.

"बिचारी! कशी धावतेय बघ. आज ताटं थंडच जाणार."

"जाऊ देत एक दिवस," कारभारीण म्हणाली. "आज आपल्या बाईंचा दिवस आहे."

सव्वासातला दार उघडलं. धाकटी बहीण आत आली, एकटीच. तिनं टेबलावर एक डबा ठेवला. झाकणावर ओळखीची चिठ्ठी होती: 'लंबू. दाढ काढली आहे. मऊ भात, कोमट. मीठ व्यवस्थित.'

"हा तुझ्या घरी पोचवायला दिला होता तिनं," बहीण लंबूला म्हणाली.

"पण बाई कुठायत?" कारभारणीनं विचारलं. "आज सुट्टी ना त्यांची?"

"ऑफिसनं बदली द्यायला नकार दिला. म्हणाली, पोरी अडल्यात, जाता जाता त्यांना नाही कसं म्हणू?" आणि बहिणीनं समोरच्या उजळलेल्या खिडकीकडे बोट केलं.