बिनरक्ताची वेणी

अगं खिदळू नका, ऐका! शत्रू मारून त्याची वेणी आणल्याशिवाय आपल्यात लग्न नाही, आणि माझ्या फार्नागचा बाप दुसरी सून बघायला लागलेला. म्हणून घोडं दामटत दानू नदीवर गेले. पलीकडे दुसऱ्या टोळीची पोरगी, माझ्यावरच बाण रोखून! मीही रोखला. एकीनं सोडला तर दोघी मरणार. तेवढ्यात तीच ओरडली, “तुझंही लग्न अडलंय काय गं?” मग दोघींनी आपापली एकेक वेणी कापून, बाणाला बांधून एकमेकींकडे सोडली. तळावर आले तर समोर वार्झा आजी! तिच्या घोड्याच्या लगामाला वेण्याच वेण्या. माझ्या हातातली वेणी हुंगून ती म्हणाली, “रक्त कुठाय?” गेला फार्नाग हातचा! तिनं सुरी काढून खचकन माझा अंगठा चिरला, वेणीला रक्त फासलं आणि पुटपुटली, “सटवे, पहिल्यांदा मीही हेच विसरले होते.”