खुर्चीवरची फळी

जुन्या सामानाचा दलाल धंद्यात एकच नियम पाळायचा. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ पडू द्यायची नाही. गाठ पडली की दलाली बुडाली.

म्हाताऱ्या न्हाव्याने दुकान बंद केलं आणि खुर्ची विकायला काढली. गिऱ्हाईक फोनवरच मिळालं. घासाघीस केली नाही, फक्त म्हणालं, "माझं नाव सांगू नका."

खुर्ची टेम्पोत चढवताना दलाल म्हणाला, "काका, लहान मुलं बसवायला खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची ती फळीही मागितलीय त्यांनी."

न्हावी जागच्या जागी थांबला. "ती फळी मी माझ्या पोरासाठी कापली होती. दुसऱ्या कुणाला कधी बसवलं नाही तिच्यावर. तो भांडून गेला, तेव्हापासून माळ्यावर पडून आहे."

बराच वेळ तो खुर्चीची पाठ पुसत राहिला. मग म्हणाला, "त्याला सांगा, फळी अशी मिळायची नाही. स्वतः येऊन घेऊन जा म्हणावं."

दलालाने रस्त्यावर येऊन फोन लावला.

"फळी मोडली म्हणतात हो," तो म्हणाला. "नुसती खुर्चीच पाठवतो."