मागाचा खड्डा

आईच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी घरातला हातमाग पुन्हा खडखडू लागला. वच्छला धावत आली. मागावर आईचं अर्धं राहिलेलं लुगडं होतं आणि आईच्या जागेवर वहिनी बसली होती.

"उठा तिथून! पोटची पोर मी, अन् आईनं माग शिकवला तुम्हाले. मले एक दिवस बसू नाही देल्लं."

वहिनी उठून बाजूला बसली. वच्छलाने मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. थंडगार ओल पोटऱ्यांत शिरली.

"मी सासूबाईले इचारलं होतं, ताईले काहून नाही शिकवत? म्हणे, ओलीनं तिचे पाय सुजतील वं."

वहिनीने आपले सुजलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"त्या दिवशी लई जळली मी तुमच्यावर."