सायप्रसमधला शेजार

"समुद्र इथून पायी जाण्यासारखा," राजाभाऊंच्या शारजातल्या हॉलमध्ये शैलेंद्रने नकाशावर बोट ठेवलं. "बाराही महिने ऊन. युरोपातले टुरिस्ट सुट्टीला सायप्रसलाच येतात, त्यामुळे तुम्ही नसाल तेव्हा घर भाड्याने जाईल. आणि घर घेतलं की राहायचा परवानाही."

त्याने सायप्रस पाहिलं नव्हतं. कंपनीचं ब्रोशर पाठ होतं.

राजाभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. नोकरीबरोबर व्हिसाही संपणार होता. "मंदीच्या आधी दुबईतही सगळे असंच सांगत होते. मी फ्लॅट बुक केलेला टॉवर अजून खड्ड्यातच आहे."

"हे बांधून तयार आहे, राजाभाऊ."

हे खरं होतं. शैलेंद्रने बुकिंगचे कागद त्यांच्यापुढे सरकवले. कंपनीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, रविवारपर्यंत एक तरी बुकिंग, नाहीतर व्हिसा कॅन्सल. खर्च झेपेना म्हणून लतिका मुलांना घेऊन आधीच पुण्याला भावाकडे गेली होती.

मंजुषावहिनींनी नकाशा स्वतःकडे फिरवला. "दार पूर्वेला आहे ना, भावजी?"

"हो, वहिनी."

"तुळस जगेल?"

"ऊन भरपूर आहे."

राजाभाऊंनी पेन उघडलं. सोफ्यावर लोळत पडलेल्या ओवीने मोबाइलमधून मान वर केली. ती शारजातच जन्मलेली. "बट बाबा, वी डोन्ट नो एनीबडी देअर."

राजाभाऊंनी पेनला टोपण लावलं.

"पोरगी बरोबर बोलतेय. समुद्र ठीक आहे रे. पण संध्याकाळी जायचं कोणाकडे?"

शैलेंद्र टोपणाकडे बघत राहिला.

"आमच्याकडे," तो म्हणाला. "शेजारचं घर मी घेतोय."

"काय सांगताय! आणि इतका वेळ गप्प?"

"स्वतःचं काय सांगायचं, वहिनी."

"मग खलास, प्रश्नच मिटला!" राजाभाऊ मोठ्याने हसले. वहिनींनी फोन उचललासुद्धा होता. "थांबा, आधी लतिकाची हजेरी घेते."

"आत्ता ती कामात असेल..."

फोन स्पीकरवर वाजत होता. पलीकडून उचलला गेला.

"काय गं छुपी रुस्तम! सायप्रसला आमच्या शेजारी घर घेताय आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

तिकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. शैलेंद्र गालिच्याकडे बघू लागला.

"ह्यांनी सांगितलं वाटतं," लतिका म्हणाली. मग हसली. "पक्कं झाल्यावर सांगणार होते हो, ताई. मला तुमचाच शेजार हवा होता."

राजाभाऊंनी एकेक पान उलटत सह्या केल्या.

"घ्या, बोला आता बायकोशी." स्पीकर बंद करून वहिनींनी फोन शैलेंद्रच्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"झाली सही?" लतिकाने हळूच विचारलं.

"हो."

"मग मुलांची नावं इथल्या शाळेत नको ना घालायला?"

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. "तोंड गोड करा, शेजारी," म्हणत त्यांनी त्याच्या तळहातावर साखर ठेवली. त्याने मूठ मिटली. एसी जोरात चालू होता, तरी मुठीतली साखर ओली व्हायला लागली.