काळा ठिपका

पावणेचारला बाई मायक्रोस्कोपच्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांच्या विद्यार्थिनीला स्क्रीन बंद करायला वेळच मिळाला नाही. बाई ठेवणीतल्या कपड्यांत होत्या. चारला त्यांचं निवृत्तीचं भाषण होतं.

"जरा बसते इथे. तिकडे सगळे आतापासूनच माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागलेत," त्या म्हणाल्या, आणि सवयीने त्यांनी स्क्रीनकडे बघितलं.

एक जिवंत पेशी होती. तिच्या कडेतून बोटांसारखे बारीक फाटे बाहेर आले होते. प्रत्येक फाट्यात पेशीला आकार देणाऱ्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यांची जुडी, आणि ती जुडी बांधून ठेवणारं प्रोटीन हिरवं चमकत होतं. एका फाट्यावर मधोमध काळा ठिपका होता. तिथली चमक विद्यार्थिनीने नुकतीच लेसरने घालवली होती. हे प्रोटीन एकदा धाग्यांना चिकटलं की सोडत नाही, त्यामुळे असा ठिपका काळाच राहतो, असं बाईंनी बारा वर्षांपूर्वी छापलं होतं. आज चारलाही तेच सांगायचं होतं.

दहा-बारा सेकंदांत ठिपका हिरवा झाला.

"परत कर," बाई म्हणाल्या.

तिने दुसरा फाटा घेतला, मग तिसरा. दोन्हीकडे चमक परत आली. म्हणजे जुनी प्रोटीनं सुटून जात होती, नवी येऊन तिथे बसत होती, आणि जुडी मात्र तशीच ताठ.

"आमचा लेसर फार जोराचा होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पेशीच होरपळत असणार. आम्ही जळकं मोजत बसलो." मग त्या तिच्याकडे वळल्या. "तुला कधी दिसलं हे?"

ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. "नऊ दिवस झाले."

"आणि?"

"तुमचं भाषण झाल्यावर सांगणार होते, बाई."

"म्हणजे मी चुकीचं सांगून घरी गेल्यावर."

नऊ दिवस तिला धड झोप नव्हती. बाईंच्या भल्यासाठीच गप्प आहोत, असं ती स्वतःला बजावत आली होती.

बाईंचा फोन वाजला. त्यांचे यजमान सभागृहातून बोलत होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अगं, आहेस कुठे? दहा मिनिटं राहिलीत."

"येतेय. आणि अहो, शेजारची खुर्ची धरून ठेवा माझ्यासाठी."

"तुला कशाला खुर्ची? तू तर वर उभी राहणार ना?"

बाईंनी फोन ठेवला. "तिन्ही फाटे पेनड्राइव्हवर घे. चल."

मंचावर गेल्यावर बाईंनी आपलं जुनं चित्र पडद्यावर लावलं. "हे चूक आहे. बरोबर काय ते ही मुलगी सांगेल." एवढंच बोलून त्या खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेत यजमानांशेजारी जाऊन बसल्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

तिने वर जाऊन पेनड्राइव्ह लावला. बोलता बोलता दोनदा तिने जुन्या यंत्रांचा दोष सांगायला घेतला; दोन्ही वेळा बाईंनी खालूनच मानेने पुढे जायला सांगितलं. शेवटी ती थांबली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळत नव्हतं.

"काही प्रश्न?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या. बाईंचा हात आधीच वर होता.